दाराखालची नारिंगी फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे, आणि मला भयंकर राग आलाय. आधीच सांगितलेलं बरं.

माझा रंग भडक नारिंगी. संकटात पटकन दिसावी म्हणून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका दूध संघाच्या ऑफिसात माझा जन्म झाला. शहरातून एक सल्लागार आला, तीन आठवडे चीज खात बसला आणि त्याने एकशे बारा पानं लिहिली. कॉम्प्युटर बंद पडले तर कोणाला फोन करायचा, दुधाच्या टँकरने कुठल्या रस्त्याने कुठल्या गोठ्यावर जायचं, सगळं माझ्या पोटात. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटरच्या खोलीवरून पाण्याचा पाइप जातो. तो आधी हलवा.’ मी पूर्ण झाले त्या दिवशी केक कापला, टाळ्या वाजल्या. पाइप तिथेच राहिला.

वर्षातून एकदा माझा सराव करायचा, असंही ठरलं. सल्लागाराने विचारलं, “ऑफिस सगळ्यात रिकामं कधी असतं?” सगळे एका सुरात म्हणाले, “नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार!” त्याने तो लिहून टाकला. का रिकामं असतं, हे त्या शहाण्याने विचारलंच नाही. अहो, त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते! अख्खा जिल्हा बंदूक घेऊन झाडावर बसलेला असतो. सराव कोण करणार? कॉम्प्युटर सांभाळणारा डेल दरवर्षी शुक्रवारीच माझ्या शेवटच्या पानावर सही ठोकायचा, ‘सराव झाला. सर्व ठीक.’ अकरा सह्या आहेत माझ्याकडे. सराव एकही नाही.

मग कॉम्प्युटरची खोली तापायला लागली. डेलने दार उघडं ठेवायचं ठरवलं आणि दाराखाली काय सरकवलं? मला! चार वर्षं मी जमिनीवर पालथी. लोक ठेचकाळायचे आणि मलाच शिव्या द्यायचे.

मागच्या वर्षी शिकारीच्याच शनिवारी सकाळी पाइप फुटला. संकट आलं तेव्हा सगळ्यात आधी भिजली कोण? संकटावरचा उपाय!

ऑफिसात एकटी मार्लिस होती. टँकर कुठे पाठवायचे ते तीच बघते. तिने मला उचललं, निथळवलं आणि वाचायला म्हणून पहिल्यांदाच कोणीतरी मला उघडलं. कॉम्प्युटरचे पडदे काळे, ऑफिसचे फोनही मुके. बाहेर चार टँकर उभे. नेहमीचे ड्रायव्हर झाडावर, त्यामुळे आलेले सगळे बदली. एकालाही गोठे माहीत नाहीत. आणि गोठ्यांवरच्या टाक्या दोन दिवसांच्या दुधाने काठोकाठ भरलेल्या. संध्याकाळच्या धारेआधी त्या रिकाम्या झाल्या नाहीत, तर दूध ओतून द्यायचं. गायीला थोडंच सांगता येतं, “बाई, आज कॉम्प्युटर बंद आहे, उद्या दे”?

मार्लिसने मोबाइलवरून डेलला अकरा वेळा फोन केला. बाराव्यांदा तो कुजबुजला, “अगं हळू बोल, हरीण पळेल!”

“हरीण गेलं खड्ड्यात! कॉम्प्युटरमधल्या माहितीची दुसरी प्रत कुठे ठेवलीस?”

“ऑफिसबाहेर. नियमाप्रमाणे. माझ्या गाडीत.”

“आणि गाडी कुठे आहे?”

“माझ्याजवळ. तीन तासांवर.”

“वा रे माझ्या हुशार बाळा!” म्हणत तिने फोन आपटला.

मग ती माझी ओली पानं एकेक सोडवत बसली. नाव, रस्ता, नंबर. फोन लावायचा, गोठा चालू आहे का विचारायचं, चुकलं असेल तिथे पेन्सिलने दुरुस्त करायचं, ड्रायव्हरला पिटाळायचं. संध्याकाळपर्यंत तिने सत्तावीस गोठ्यांचं दूध उचलवलं. मला वाटलं, चला, जन्म सार्थकी लागला.

सोमवारी लाइल ब्रेके आला. अठ्ठेचाळीस गायींचा म्हातारा मालक. ओरडला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मार्लिस, शनिवारी माझ्याकडे कोणी आलंच नाही गं.”

मार्लिसचा चेहरा उतरला. “आणि दूध?”

“ओतलं. तीन हजार लिटर. तुम्हाला फोन लावत होतो, लागेना. आता झालं ते झालं.”

डेल मधेच म्हणाला, “पाइप फुटेल हे कोणाला माहीत होतं, लाइल?”

“हिला माहीत होतं,” मार्लिसने मला टेबलावर आदळलं. “पान पहिलं. वाचता येतं ना?”

मग तिने माझी पानं मोजली. तेवीसनंतर एकदम सव्वीस. मधली पानं ओली होऊन एकमेकांना घट्ट चिकटली होती. तिने केक कापायची सुरी घातली आणि हळूहळू ती सोडवली. आत लाइल होता. नाव, रस्ता, टाकीची जागा, फोन. म्हाताऱ्याने चष्मा लावून बोट फिरवत सगळं वाचलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “एक आकडासुद्धा चुकलेला नाही.”

डेलने मान खाली घातली. मला मात्र मान नाही, मित्रांनो, नाहीतर मीही घातली असती.

तुमच्याही ऑफिसात माझी एखादी बहीण असेल. कुठल्या कपाटावर, कुठल्या दाराखाली. तिची पूजा नको, तिच्यावर सही तर मुळीच नको. तिला उचला, आणि कोरडी आहे तोवर एकदा शेवटपर्यंत वाचा.