चादरीचं दुसरं टोक

तुम्ही खोटं बोललात, साहेब. भर सभागृहात, माईक हातात घेऊन, शांतपणे खोटं बोललात.

"या मुलीच्या पाठीशी कुणी नव्हतं," तुम्ही म्हणालात. "ना घराणं, ना शिक्षण, ना वशिला. एकटीच्या हिमतीवर हिने हा धंदा उभा केला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरुण उद्योजिका म्हणून तुम्ही दिलेलं काचेचं मानचिन्ह हातात घेऊन मी तुमच्या शेजारीच उभी होते. घराणं नव्हतं, खरं. शिक्षण अर्धवट, तेही खरं. पण पाठीशी कुणी नव्हतं? माझ्या पाठीशी अख्खी शेड होती. तिला कुलूप तुमच्या खात्याने लावलं आणि चावी आजही तुमच्याकडे आहे.

तिथे मला बोलू दिलं नाहीत, म्हणून इथे सांगते.

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत धुण्याची शेड होती. वर पत्रा, खाली दगडी हौद, कोपऱ्यात पाणी तापवायची भट्टी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा. इस्पितळाच्या चादरी तिथे मळून यायच्या आणि घडी होऊन परत जायच्या. आम्ही समोरच्याच खोलीत राहायचो. माझी आई चादरी पिळायची. खळ घालायची ती खळमावशी. भट्टी सांभाळायचा तो भट्टीमामा, सगळ्या बायकांत एकटा पुरुष, त्यामुळे दिवसभर बोलणी खायचा आणि बोलणी नाही मिळाली तर रुसायचा.

चादरीची घडी एकटीने घालायची नसते, साहेब. तुम्ही कधी घातली नसेल, म्हणून सांगते. दोघी लागतात. एकमेकींपासून लांब उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, एकदम झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक जुळलं की तोंडासमोर तोंड. मग पुन्हा मागे. शेडमधलं सगळं बोलणं या जाण्यायेण्यात व्हायचं. लांब असताना थट्टा, जवळ आल्यावर खरं.

"काल सून काही बोलली की नाही?" आई लांबून ओरडायची.

"बोलली की. आमटीत मीठ कमी आहे म्हणाली." सगळ्या हसायच्या. झटका. मग खळमावशी चालत यायची, टोकं आईच्या हातात द्यायची आणि हळूच म्हणायची, "रात्रभर रडत होती गं पोर."

माझे हात पुरेसे लांब झाले तसं मलाही टोक मिळालं. समोर खळमावशी.

"झटका दे, झटका. चादर आहे ती, मांजराचं शेपूट नाही."

"मनगट दुखतं, मावशी."

"दुखू दे. पलीकडच्या माणसाला कळायला नको, अलीकडे कुणी आहे म्हणून?"

माझं धंद्याचं शिक्षण ते एवढंच. बाकीचं मी ठेचा खात शिकले, पण त्या सगळ्या ठेचा याच वाक्यावर उभं राहून खाल्ल्या.

आमच्या शेडची घडीही वेगळी होती. शेवटच्या दुमडीतून एक कोपरा बोटभर बाहेर काढून ठेवायचा. ही रीत खळमावशीची. तिची बहीण वॉर्डात आया होती. "ती एका हाताने पेशंटला कुशीवर धरते आणि दुसऱ्या हाताने चादर उलगडते," मावशी सांगायची. "टोक शोधत बसली तर माणूस खाली पडेल की. तिथे एकटी असते ती. आपण इथे दोघी आहोत ना? मग तिचं अर्धं काम आपण करून पाठवायचं."

त्या कोपऱ्याबद्दल काल तुम्ही काय वाचून दाखवलंत? 'कोपरा-घडी, ही यांची स्वतःची अभिनव कल्पना.' मी तुमच्या लोकांना दोनदा सांगितलं होतं, माझी नाही म्हणून. ते म्हणाले, असं छान वाटतं ऐकायला.

मग एके दिवशी शेडच्या दारावर पाटी आली. 'धोकादायक. प्रवेश बंद.' भट्टीमामाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बायांनो, तुमच्याबद्दल लिहिलंय." तेव्हाही सगळ्या हसल्या. महिन्याभरात गल्ली रिकामी झाली. आम्ही एवढंच मागितलं होतं की लांब टाका हवं तर, पण एका इमारतीत टाका. तुम्ही घरांची सोडत काढलीत. खळमावशी गावाच्या एका टोकाला गेली, आम्ही दुसऱ्या. भट्टीमामा कुठे गेला ते कुणालाच धड माहीत नाही. गल्लीच्या जागी तुमच्या गाड्या उभ्या राहतात. आणि धोकादायक शेड अजून उभी आहे, साहेब. पाटी गंजून पडली, शेड पडली नाही.

नव्या जागी आईला बोलायला कुणी नव्हतं. ती गॅलरीत उभी राहायची आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकायची. छातीचं दुखणं निघालं तेव्हा तिला त्याच इस्पितळात नेलं. तिथे आता बाहेरच्या कुठल्या कंपनीचा ट्रक चादरी आणायचा, प्लास्टिकात घट्ट बांधलेल्या. शेवटच्या दिवशी नर्स चादर बदलायला आली. एकटीच होती. तिने एका हाताने आईला कुशीवर धरलं आणि दुसऱ्या हाताने घडी उलगडायला गेली. टोक सापडेना.

"आतल्या बाजूला असेल, बाळा," आई तिला म्हणाली. आवाज निघत नव्हता, तरी म्हणाली.

मी उठून टोक काढून दिलं. संध्याकाळी आई गेली.

त्यानंतर मी धंदा काढला. एक तळघर भाड्याने घेतलं, जुनी मशीन आणली आणि लॉजच्या चादरी धुवायला लागले. पहिल्याच आठवड्यात लॉजवाला गठ्ठा घेऊन परत आला.

"बाई, घडीत चूक आहे. प्रत्येक चादरीचा कोपरा बाहेर आलाय. गिऱ्हाईक म्हणेल, वापरलेली आहे."

मी बघितलं तर खरंच. ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप गेले होते.

"पुढच्या वेळी नीट घालते," मी म्हणाले. काय करणार, पहिलंच गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे खोल्या लावणाऱ्या बाईचा फोन आला. चोरून बोलत होती. "ताई, तो काहीही म्हणू दे. कोपरा राहू द्या. सगळा मजला मी एकटी करते." तिच्याकडून दुसऱ्या लॉजच्या बाईला कळलं, तिच्याकडून तिसऱ्या. मालकांना सगळ्यात शेवटी कळलं. माझा धंदा असा उभा राहिला. माझ्या हिमतीवर नाही. पलीकडे कुणीतरी एकटी बाई आहे, हे मला कुणीतरी लहानपणी सांगून ठेवलं होतं, त्यावर.

आता तळघरात चार मशीन आहेत. एक मशीनवाला, एक टेम्पोवाला. दोघं कामाला चोख. कानात गाण्यांची बोंडं घालून काम करतात. घडीला उभे राहिले तर झटका बरोबर देतात, चालत जवळ येतात आणि टोकं हातात देऊन मागे जातात. जवळ आल्यावर काही बोलत नाहीत. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी शिकवलंच नाही. म्हणून घडीचं काम मीच करते. भिंतीत दोन हुक ठोकलेत. दोन टोकं हुकांना, दोन माझ्या हातात.

तुमच्या समारंभाच्या आदल्या दिवशी मी खळमावशीकडे गेले. सातवा मजला, लिफ्ट बंद, खोली एवढीशी की पलंग हलवल्याशिवाय कपाट उघडत नाही. तिच्या पलंगासाठी नवी चादर नेली होती. तिने ती हातात घेतली, कोपरा चाचपला आणि म्हणाली, "धर."

खोलीत मागे जायला जागा नव्हती. मी दार उघडलं, मागे मागे जात व्हरांड्यात गेले, थेट समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला पाठ लागेपर्यंत. मावशी खिडकीला टेकली.

"तब्येत काय म्हणते?" मी ओरडले.

"घोड्यासारखी आहे. टांगा तेवढा मिळत नाही."

झटका. म्हातारीच्या हाताला अजून जोर होता, माझ्या बोटांतून टोक सुटता सुटता राहिलं. मी चालत आत गेले. टोकाला टोक लागलं.

"चार दिवसांत तूच पहिली बोलतेयस माझ्याशी," ती म्हणाली.

मी पुन्हा व्हरांड्यात गेले. तिथून तिच्याकडे बघवेना म्हणून चादरीकडे बघत राहिले.

"माझ्याकडे का येत नाहीस कामाला?" मी विचारलं.

"तुझ्या तळघराला एक तरी बस येते का? शेडजवळ सगळ्या बस येतात. तिथे मी येईन, माझी आया बहीण येईल, हौदावरची ती नळवाली येईल. भट्टीमामाला वास लागला तर तोही येईल." झटका. मी जवळ आले. "मागितलीस का शेड?"

"तीनदा गेले. साहेब बैठकीत असतात."

"उद्या तो तुझ्यासमोर उभा असेल ना? मग लोकांसमोर माग."

"नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणालेलं लोकांनी ऐकलेलं असेल."

म्हणून काल मी मागितली, साहेब. चार वाक्यं पाठ करून आले होते, दोन बोलता आली. "मला काच नको. त्या शेडची चावी द्या, डागडुजी मी करते, तिथल्या बायकांना परत कामाला..." तुम्ही हसलात. माईक माझ्या हातून घेतलात आणि लोकांना म्हणालात, "बघा, यशस्वी माणसाची भूक कशी असते!" पुन्हा टाळ्या. माईक बंद करून मला हळूच म्हणालात, "अहो, हे इथे नसतं बोलायचं. बघू आपण."

तुम्हीही जवळ येऊन हळूच बोललात. आमच्याकडे जवळ आल्यावर खरं बोलतात, साहेब.

आज सकाळी तळघरात आले. मशीनवाला गठ्ठा ठेवून गेला. तुमचं मानचिन्ह खिडकीत ठेवलंय, तिथून उजेड थोडा यायचा तोही अडला. पहिली चादर हुकांना लावली, मागे गेले आणि झटका दिला. भिंत झटका परत देत नाही. चालत भिंतीपाशी गेले, टोकं हुकांना जुळवली आणि तशीच उभी राहिले. चुना थोडा पडला होता, तो पुसला.

मग मावशीचा फोन आला.

"काय म्हणाला?"

"बघू म्हणाले."

मग म्हणाली, "बरं. मी आता रोज एकदा खाली उतरून वर चढते. सवय असलेली बरी. उघडलीच तर दम लागायला नको."

संध्याकाळी ती पुन्हा फोन करेल. ती विचारल्याशिवाय राहणार नाही आणि मी तिला दुसऱ्यांदा 'बघू' सांगणार नाही. शेडची चावी कधी देताय, साहेब? दिवस सांगा.