दमलेली सून

माझी धाकटी बहीण मिकाल भांडी घासता घासता बसल्या जागी झोपली, ही बातमी मला किसुमूच्या बाजारात मिळाली. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही जोडत होते. बातमी आणणारी बाई मिकालच्या सासरच्या गावची, बाजारात मासे विकायला यायची. तिने ती हसत हसत सांगितली, आजूबाजूच्या बायकाही हसल्या आणि मी बाही उलटी जोडून बसले. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं. मीही ओरडले. आई गेल्यापासून मिकालचं सगळं माझ्याकडेच होतं आणि तिच्यावर कोणी हसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

लग्न होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. नवरा ओबुरा नाकुरूला गवंडीकामावर, महिन्याकाठी घरी येणारा. ती कानोच्या सखल रानात सासूजवळ. आमच्यात नवी सून सासूच्या चुलीवर रांधते. तिचं काम मनास आलं की सासू तिला वेगळी चूल मांडून देते, स्वतःच्या चुलीतला निखारा नेऊन ती पेटवते, आणि मग ती बाई खरी त्या घरची होते. मिकालच्याच सुमारास लग्न झालेल्या सगळ्या मुलींच्या चुली कधीच पेटल्या होत्या. हिची काही पेटेना, कारण ही सकाळी उठायलाच तयार नसे. विहिरीवरून पाणी आणताना दोनदा खाली बसायची. शेतात एकदा कुदळ मारायची आणि त्याच कुदळीवर टेकून उभी राहायची. सासरी सुनेला माहेरगावाच्या नावाने हाक मारतात, तशी सासू तिला न्यार सेमे म्हणायची, म्हणजे सेमेची पोरगी. पण हाक मारायची ती अशी: "न्यार सेमे, तुमच्या सेमेत कोंबडे आरवत नाहीत का गं?"

मी तिला चार दिवसांसाठी माझ्याकडे आणलं. दमलेल्या माणसाला औषध सांगायचे किसुमूत कोणी पैसे घेत नाही, त्यामुळे आम्हाला औषधांचा तोटा पडला नाही. औषधाच्या दुकानातला माणूस तिच्याकडे न बघताच म्हणाला, मलेरिया. गोळ्या झाल्या. मग तो म्हणाला, मग टायफॉइड असणार. त्याही गोळ्या झाल्या. शेजारणीने जंताचं औषध आणून दिलं. मासेवालीचं मत पडलं की नजर लागली आहे, आणि नजर काढणारी एक म्हातारी तिला ठाऊक होती. घरमालकाच्या मते कच्ची अंडी सोड्यात फेटून प्यायला हवीत. आमच्या चर्चमधल्या पांढऱ्या झग्यातल्या बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून इतकी जोरात प्रार्थना केली की ती उभ्या उभ्या डुलायला लागली, आणि सगळे म्हणाले, बघा, सैतान निघतोय. सैतान कसला निघतोय, पोरगी चक्कर येऊन पडत होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सरळ दवाखान्याचा रस्ता धरला.

तिथली डॉक्टरीण बोलायला तुसडी होती, पण तिने निदान मिकालकडे पाहिलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पाळीत किती जातं ते विचारलं. मिकाल पायांकडे बघत हळूच म्हणाली, खूप, आठ-आठ दिवस. दिवस गेलेत का तेही तपासलं, नव्हते गेले. मग रक्त तपासलं आणि ते पाहिजे त्याच्या जेमतेम निम्मं निघालं. डॉक्टरीण मला म्हणाली की ही आळशी नाही, हिच्या अंगात लोह नाही, अशी बाई उभी राहते हेच पुष्कळ आहे. गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, चहाच्या आसपाससुद्धा नाही, कारण चहा गोळीचा गुण खातो. कलेजी, पालेभाजी, तळ्यातले छोटे मासे खायचे. पाळीचं बघायला महिन्याने पुन्हा यायचं. मग तिने विचारलं, "ओडोवा खातेस?"

ओडोवा म्हणजे आमच्याकडे बाजारात ढीग लावून विकतात ते मातीचे खडे, भिंतीवर पाणी मारल्यावर येतो तसल्या वासाचे. पोटुशी बाई ते कुडुम कुडुम चावत बसते. मिकालने मान हलवून नाही म्हटलं. मीही ठासून नाही म्हटलं, पोटात पोर नसताना कोण माती खाईल? डॉक्टरीण म्हणाली की खात असेल तर बंद करायची, ती माती पोटातलं लोह धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. आणि रक्त कमी झालं की मातीची वखवख आणखी वाढते. मी हे ऐकलं आणि आपल्या कामाचं नाही म्हणून सोडून दिलं.

मिकाल गोळ्या घेऊन परत गेली. महिनाभराने मासेवाली माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली, तोंडभर हसत. म्हणाली, मावशी होणार तुम्ही, आता काहीतरी गोड खाऊ घाला. मी मशीनवर कापड टाकलं, दुकान शेजारणीच्या हवाली केलं आणि मिकालच्या गावाकडे जाणाऱ्या आहेरोच्या गाडीत बसले. गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी दोनदा खाली उतरले, दोनदा वर चढले.

ओबुराच्या आईने मला आजवर कधी खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी स्वतः खुर्ची आणून सावलीत ठेवली, वर फडक्याने पुसली. मिकाल आंब्याखाली चटईवर बसली होती, मांडीवर ओडोव्याची पुरचुंडी. सासूला तिच्या उशीखाली ते खडे सापडले होते. खडे सापडले, त्यात ही सारखी दमलेली, सकाळी उठवत नाही, पाणी आणताना बसते. आमच्या मुलखात याचा दुसरा अर्थ होतच नाही. सासूने तिला कवटाळलं म्हणे आणि विचारलं, आधी का नाही सांगितलंस वेडे, मी तुला एवढं बोलत होते. तेव्हापासून पाणी धाकटी नणंद आणते आणि ओडोवा सासू स्वतः निवडून आणते, खडा खडा हुंगून.

सासू चहा करायला गेली तशी मी मिकालच्या जवळ सरकले.

"हे काय चालवलंयस तू?"

"मी हो म्हटलं नाही, ताई," ती म्हणाली. "मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि ही माती? डॉक्टरणीसमोर खोटं बोललीस?"

"लग्नाआधीपासून खाते मी, तू ओरडशील म्हणून लपून. आता नाही मिळाली तर दुसरं काही सुचत नाही." मग ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसणं मला अजून बघवत नाही. "ताई, या घरात पहिल्यांदा मला कोणीतरी 'बस' म्हणालं."

मी विचारलं, गोळ्या तरी घेतेस का? म्हणाली, घेते ना, रोज, चहाबरोबर. मी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यात सासू चहा घेऊन आलीच, काळा होईपर्यंत उकळून वर दूध ओतलेला, आणि उभी राहून तिला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावला. मिकालचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. ती बरी व्हायची तर ओडोवा सोडायला हवा होता, आणि ओडोवा सोडला की सगळ्यांना कळणार होतं. बरं, पोट काही वाढणार नव्हतं. म्हणजे कळणार तर होतंच.

मी हे तिला कुजबुजत सांगितलं तेव्हा तिने तिचा बेत सांगितला. येत्या रविवारी सासू तिला चूल मांडून देणार होती. एकदा चूल पेटली की कोणी तिला सेमेला परत पाठवू शकणार नव्हतं. "मग पुढच्या पाळीला सांगेन, राहिलं नाही म्हणून," ती म्हणाली. एवढं शांतपणे म्हणाली की मला खुर्चीत बसवेना. जे पोर नव्हतंच त्याच्यासाठी ही रडणार, सासू रडणार, आणि चहा पीत नि माती खात ही तशीच वाळत जाणार. मी सासूला आत्ताच सांगते म्हणाले. तिने माझा हात धरला. तिचा हात एवढ्या उन्हात गार होता. मी नाही सांगितलं. रस्त्यापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा रस्त्यापर्यंत गेले, आणि शेवटी गाडीत बसून घरी आले. त्या आठवड्यात मी एकही कपडा धड शिवला नाही.

रविवारी मी माहेरची म्हणून नवी मडकी आणि एक पातेलं घेऊन गेले. अंगणात बायका जमल्या होत्या. ओबुराची आत्या रोझेलिदा सगळ्यांच्या मध्ये ठाण मांडून कोणाची सून किती कामाची ते सांगत होती. मिकालच्या झोपडीच्या आडोशाला तीन दगड मांडले होते, सारखे, मातीने लिंपलेले. सासूने ते स्वतः लिंपले होते, हे तिच्या कोपरापर्यंतच्या चिखलावरून दिसत होतं. मग तिने आपल्या चुलीतला निखारा खापरीवर घालून आणला. तो हातात घ्यायला मिकाल उठली आणि उठता उठताच एका बाजूला कलली. मी धरलं म्हणून बरं.

बायका कौतुकाने हसल्या. सासूने खापरी खाली ठेवली, कमरेच्या कापडाच्या गाठीतून ओडोव्याचा एक खडा काढला, त्याच कापडाला पुसला आणि मिकालच्या तळहातावर ठेवला.

"घे गं माझी बाय. बाळ मागतंय."

मिकाल खड्याकडे बघत राहिली. तिला तो हवा होता. तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसत होती. मला वाटलं आता खाईल, आणि तेवढं झालं की मी सगळ्यांसमोर बोलून टाकणार होते, मग ती मला जन्मभर शिव्या देवो.

"आई, बाळ नाहीये," मिकाल म्हणाली. "कधी नव्हतंच. माझ्या अंगात रक्त कमी आहे. तुम्ही एवढ्या प्रेमाने बोलायला लागलात म्हणून मी गप्प बसले."

सासू तिच्याकडे बघत होती, जणू काही ऐकू आलं नव्हतं. मग ती वळली आणि आपल्या घरात निघून गेली. रोझेलिदाआत्याचं तोंड मात्र लगेच उघडलं. म्हणाली की आमच्या भावाच्या घरात हिच्या माहेरी गाई देऊन झोपाळू बाई आणली, वर खोटारडी निघाली. तीन दगडांपैकी एक तिने पायाने बाजूला सारला. मी पातेलं उचललं, मडकी गोळा करायला लागले. मला राग आला होता, आणि त्या रागात लाजही होती, कारण मिकालने जे केलं ते कोणाही सासूला लागलंच असतं.

तेवढ्यात आतून माझ्या नावाची हाक आली. "दोर्सिला, आत ये."

ओबुराची आई खाटेच्या कडेला बसली होती. मला वाटलं, माझा उद्धार करायला बोलावलंय, आणि मीही तयारीनेच गेले. ती म्हणाली, "रक्त कमी असलं की काय होतं म्हणाली डॉक्टरीण?"

मी उभ्या उभ्या फाडफाड सांगितलं. दम लागतो. पाणी डोक्यावर घेतलं की छाती धडधडते. उन्हातसुद्धा हात गार पडतात. कानात गुणगुण होते, झोपून उठलं तरी झोप पुरत नाही. मातीची वखवख सुटते. नखं चपटी होऊन मध्ये खोलगट होतात.

ती ऐकत होती. मग तिने आपला हात माझ्यापुढे केला. कोपरापर्यंत सुकलेला चिखल, आणि बोटांच्या टोकांना नखं अशी, की प्रत्येकात पाण्याचा थेंब थांबला असता.

"सात बाळंतपणं झाली माझी," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी ओडोवा खाल्ला. मग मुलं व्हायची थांबली, ओडोवा काही थांबला नाही. माझी सासू म्हणायची, हिच्या अंगात हाडंच नाहीत. मला वाटायचं, नसतील. मी पहाटे तिच्याआधी उठायला लागले. भिंतीला धरून उठायचे, कोणाला दिसू नये म्हणून."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. तिने विचारलं की त्या गोळ्या चहा सोडूनच घ्याव्या लागतात का. मी हो म्हटलं. तिने एक सुस्कारा टाकला आणि उठली. उठताना खाटेचा खांब धरला, आणि या वेळी कोणाला दिसेल याची काळजी केली नाही.

बाहेर खापरीतला निखारा विझून गेला होता. ती आपल्या स्वयंपाकघरात गेली, दुसरा निखारा घेऊन आली आणि मिकालला म्हणाली, दगड सरळ कर. मिकालने गुडघ्यावर बसून तो सरकलेला दगड जागी लावला. तिला वेळ लागला. सासू खापरी धरून उभी राहिली.

"हे काय करतेयस?" आत्या म्हणाली. "हिच्या पोटात काही नाही, कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग पेटवतेस कशाला? आणि उद्या सकाळी हिला उठवायला कोण जाणार?"

"उद्या सकाळी आम्ही दोघी शहरात जाणार," सासू म्हणाली. "डॉक्टरणीकडे."

"हिचं एक समजलं. तुला काय झालंय?"

ओबुराच्या आईने निखारा दगडांच्या मध्ये ठेवला, वर काटक्या रचल्या. मग फुंकायला वाकण्याऐवजी ती तिथेच, सगळ्या बायकांसमोर, जमिनीवर बसली.

"मी दमलेय," ती म्हणाली.