काचबाईचा ठिपका

"बाई, सव्वीस वर्षांपूर्वीच्या काचा लागतील. कुठल्या कप्प्यात आहेत ते यादीत बघावं लागेल," साहेब दारातूनच म्हणाले.

काचबाई उठली, यादीकडे ढुंकूनही न बघता तिसऱ्या कपाटापाशी गेली आणि तिने दोन काचा काढून टेबलावर ठेवल्या.

वेधशाळेत तिला सगळे काचबाईच म्हणत. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत, आणि त्या चौदा हजार काचा सांभाळणं, तपासणं हे तिचं काम. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन रात्रींचे फोटो यंत्रात शेजारी लावायचे आणि आळीपाळीने डोळ्यासमोर आणायचे. तारे जागचे हलत नाहीत. जे हलतं ते टुणकन उडी मारतं. एकतीस वर्षं ती त्या उड्यांची वाट बघत बसली होती. साहेब लोक त्यावर व्याख्यानं देत फिरले, ती गोष्ट वेगळी.

गेल्या आठवड्यात लांबच्या एका वेधशाळेतल्या तरुण मंडळींनी एक बटुग्रह शोधला होता. सूर्यमालेच्या पार काठावरचा, सूर्याभोवती एक फेरी मारायला तीन-चारशे वर्षं घेणारा. त्याची वाट नक्की करायची तर तो जुन्या फोटोंत सापडायला हवा होता, आणि ज्याला सापडेल त्याचं नाव त्यांच्या शोधनिबंधात लागणार होतं. साहेबांनी पत्रकारांना दुपारी तीनची वेळ देऊनही टाकली होती.

"याच काचा हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला तो तेव्हाच दिसला होता, साहेब. तुम्हाला दाखवलाही होता."

साहेब हसले. "काहीतरीच काय, बाई. मग काचेवर खूण कुठाय?"

खूण नव्हती. शाईने काढलेलं ते वर्तुळ तिने मागच्याच वर्षी स्वतःच्या हाताने पुसलं होतं, कारण संगणकात चढवण्याआधी सगळ्या काचा लख्ख करा, असा साहेबांचाच हुकूम होता; चढवणं मात्र अजून सुरूच व्हायचं होतं. तेव्हा तिने निमूटपणे फडकं फिरवलं होतं. आता तिला त्या हाताचाच संताप आला.

तिने त्या वर्षीची नोंदवही आणून पान उघडलं. वर तिचं अक्षर: ठिपका केसभर सरकला आहे, फार लांबचा असावा, तिसरा फोटो घ्यावा. खाली लाल शाईत साहेबांचा शेरा: दोन्ही काचांवरचे डाग आहेत, वेळ घालवू नये. त्याखाली लफ्फेदार सही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"झालं गेलं आता. निबंधाच्या शेवटी आभारात तुमचं नाव टाकू, मग तर झालं?"

"आभार ठेवा तुमच्याजवळ." तिने नोंदवही त्यांच्यासमोर सरकवली. "त्या दिवशी मी नाचत घरी गेले होते. आईला म्हटलं, मला नवं जग सापडलंय. दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं, डाग निघाला. आई म्हणाली, डोळे तपासून घे. घेतले. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. आई गेली ती, आपल्या पोरीची नजर अधू आहे असं समजूनच गेली."

"मग मी काय करू म्हणता?"

"तुमच्या शेऱ्याखाली लिहा. डाग नव्हता, माझी चूक झाली. सही करा, तारीख घाला. तोवर या काचा इथून हलणार नाहीत. काच बाहेर न्यायला माझी सही लागते, नियम तुमचाच आहे."

"बाई, अठरा दिवसांनी निवृत्त होताय. जाता जाता कशाला तोंड कडू करता?"

"माझं सव्वीस वर्षं कडूच आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेतीन झाले होते. दातओठ खात त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं. या वेळी सही आखूड आली. काचबाईनेही काचा बाहेर नेण्याच्या वहीत सही केली. मग काचा छातीशी धरून ते तरातरा निघून गेले.

काचबाईला वाटलं होतं, एवढं झालं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं! रागाने तिची कानशिलं तापलेलीच होती. कारण एक गोष्ट तिने साहेबांना सांगितली नव्हती, आईलाही कधी सांगितली नव्हती. त्या शेऱ्यानंतर तिला केसभर सरकणारे ठिपके पुन्हा दिसले होते. एकदा नाही, कितीदा तरी. दर वेळी साहेबांनी म्हणायच्या आधी तिने स्वतःच डाग म्हटलं होतं आणि काच जागेवर ठेवून दिली होती. त्यांची एकाही नोंदवहीत ओळ नव्हती. ते कुठल्या काचांवर होते, हेही आता आठवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. काचबाईने शेऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची काच कपाटातून काढली, तिच्या जोडीची शोधली, दोन्ही यंत्रात लावल्या आणि भिंगाला डोळा लावला.