शिशाचं विरजण

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या गल्लीतले मराठी नवरे पन्नाशीला टेकले की काही ना काही करतातच. कोणी मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्या दिवशी जिना बसून उतरतो, कोणी कराओके शिकून शेजाऱ्यांवर सूड उगवतो. पुरुषोत्तमने बंदुकीच्या गोळ्या ओतायला घेतल्या. दुकानात त्या तयार मिळतात, हे त्याच्या बायकोने, नंदाने, सांगून पाहिलं. त्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चतुर्थीला आयते मोदक आणायचं म्हणत होती.

तेव्हापासून गॅरेजमध्ये शिशाचं राज्य आलं आणि नंदाची गाडी उन्हात उभी राहू लागली. आत विजेवर तापणारं एक भांडं, भांड्याच्या बुडाला तोटी, तोटीखाली साचा. गाड्यांच्या चाकांना लावतात ती जुनी वजनं वितळवून तो आपल्या पिस्तुलासाठी गोळ्या ओतायचा. हे शिसं दुसरे धातू मिसळलेलं, म्हणून कडक. मास्क, हातमोजे, पंखा असा सगळा जामानिमा होता, आणि त्या कपड्यांनी घरातल्या वॉशिंग मशीनला शिवायचं नाही, हा नंदाचा कायदा होता.

शेजारी राहणारे डेल मात्र या उद्योगाला हसले नव्हते. वय ऐंशीला आलेलं, हात कापायचे. त्यांच्याकडे वडिलांची ठासणीची बंदूक होती, म्हणजे नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू आणि मग गोळी ठासायची. दर वाढदिवसाला त्या बंदुकीतून एक बार उडवायचा, तोही वडिलांनीच साठवलेल्या शिशाच्या गोळीने, हा त्यांचा नेम. त्या शिशाचा आता शेवटचा तुकडा उरला होता. जुन्या टॉवेलात गुंडाळून तो त्यांनी पुरुषोत्तमच्या हातात ठेवला.

"यात दोन-तीन गोळ्या होतील," डेल म्हणाले. "माझे हात आता साथ देत नाहीत. तू ओतशील? याला मऊ शिसंच लागतं बरं का. कडक गोळी नळीत अडते."

पुरुषोत्तमचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांच्या अमेरिकेत त्याला कोणी पासवर्डाखेरीज काही विश्वासाने दिलं नव्हतं.

त्याने भांडं तापवलं आणि आधीचं कडक शिसं तोटीतून सोडायला घेतलं. तळाशी बोटभर उरलं तसा त्याचा हात थांबला. खडखडीत रिकामं भांडं घरात ठेवू नये, हे आईचं वाक्य त्याच्या हाडीमासी खिळलेलं होतं. त्यांच्या घरी पिठाचा डबा कधी तळ दाखवत नसे. पुण्याहून डबीतून आणलेलं विरजणही त्याने आजवर तुटू दिलं नव्हतं. शिवाय तळाशी थोडं असलं की नवं शिसं लवकर वितळतं, हे त्याला रोजच्या सवयीने ठाऊक होतं. तोटी बंद झाली. डेलच्या वडिलांचा तुकडा वरून आत गेला.

हाच गृहस्थ दर सोमवारी ऑफिसात पोरांना बजावायचा, "जुनं सगळं क्लीन केल्याशिवाय नवं व्हर्जन टाकायचं नाही!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाणही कोरडा नव्हता, तळाशी बोटभर शिसं होतं.

गोळ्या मात्र देखण्या उतरल्या. त्याने त्यांचे फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. दिवाळी फराळाच्या फोटोखाली त्यांना तीन अंगठे मिळाले.

वाढदिवसाला डेलनी दोघांना गावाबाहेरच्या आपल्या शेतावर नेलं. नंदाने शिरा करून घेतला होता. डेलनी दारू भरली, कापडाच्या चिंधीवर गोळी ठेवली आणि लाकडी गजाने ठासायला लागले. गोळी अर्ध्यावर गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला. कडकन आवाज झाला आणि वडिलांनी तासलेला तो गज मोडला.

बार चुकून उडू नये म्हणून डेलनी नळीच्या मागच्या छिद्रातून पाणी सोडून दारू भिजवली. मग दुसरी गोळी उचलून तिच्यावर अंगठ्याचं नख ओढलं. मऊ शिशावर उमटतो तसा ओरखडा तिच्यावर उमटला नाही.

कोणी काही विचारायच्या आत पुरुषोत्तम बोलला. "डेल, प्रॉब्लेम सोर्स मटेरियलमध्ये आहे. इतकं जुनं शिसं, त्यात भेसळ असणारच. माझी प्रोसेस परफेक्ट होती."

"असेल," डेल म्हणाले. त्यांनी बंदूक पुसून खोळीत घातली. वाढदिवस तिथेच आटोपला. शिरा कोणी मागितला नाही.

संध्याकाळी पुरुषोत्तम दही लावायला बसला. उद्यासाठी चमचाभर विरजण तो बाजूला काढत होता, तेवढ्यात नंदाने विचारलं, "अरे, ते शिशाचं भांडं तू नीट रिकामं केलं होतंस ना?"

"रिकामं?" तो म्हणाला. "भांडं कधी खडखडीत रिकामं करतात का?"

चमचा हवेतच राहिला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुधात पडलेलं मीठ काढता येत नाही, तसं त्या शिशातलं कडक शिसं आता काढता येणार नव्हतं. एका म्हाताऱ्याकडे बापाचं जेवढं उरलं होतं तेवढं त्याने नासवलं होतं, आणि वर त्या बापालाच भेसळखोर ठरवून आला होता. दारापाशी बूट घालता घालता तो माफीची तालीम करू लागला. "डेल, इश्यू आयडेंटिफाय झालाय. गोइंग फॉरवर्ड, आपण..."

"डेलकाकांना ईमेल पाठवतोयस का?" नंदा म्हणाली. "जा आणि सरळ सांग."

डेल आपल्या व्हरांड्यात बसले होते. मोडका गज मांडीवर, सरसाची बाटली शेजारी, हातात सुतळी. पुरुषोत्तम पायरीवरच उभा राहिला.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "भांड्यात मी जुनं शिसं ठेवलं होतं. तुमच्या वडिलांचं शिसं चोख होतं."

"माहीत आहे," डेल म्हणाले. "त्या तुकड्यावर मी लहानपणापासून नख ओढत आलोय."

"मग तिथेच का नाही बोललात?"

डेलनी सुतळीचा वेढा घालायचा प्रयत्न केला. तो निसटला. वर न पाहता ते म्हणाले, "तुझी बायको शेजारी उभी होती ना."

पुरुषोत्तम खाली बसला, गजाचं दुसरं टोक त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि डेल कापत्या बोटांनी सुतळी गुंडाळायला लागले.