दाबून लावलेली पाकळी

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास श्रीदेव कातळेश्वर आपल्या जागेवरून उठला, दोन्ही गुडघे चोळले आणि लवू गुरवाला म्हणाला, "आता तू बस."

लवूच्या हातात पूजेचं तबक होतं. देवाने ते घेतलं, लवूच्या खांद्यावरचा पंचा ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. आता गाभाऱ्यात रिकामी जागा ती एकच उरली होती, म्हणून लवू बसला. दगड गार होता. वर्षानुवर्षं कोणीतरी बसल्यामुळे त्याला मधोमध चांगला खोलगटपणा आला होता, आणि लवू त्यात बेताचा मावला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"बघूया," देव म्हणाला.

लवूला दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे चाललं असतं. पण आजचा दिवस वेगळा होता. त्याच्या बायकोच्या, जयवंतीच्या, काळजाची झडप बिघडली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची उद्याची तारीख दिली होती. घरी पिशवी भरून तयार होती आणि साडेअकराची एस.टी. होती. मात्र जयवंतीने एकच धोशा लावला होता, देवाने उजवा कौल दिला तर जाईन, डावा दिला तर घरातच मरेन, मग मला कोणी समजवायला यायचं नाही. लवू यावर नुसता "बरं" म्हणाला होता, कारण त्याला कौलाची काळजी नव्हती.

कौल म्हणजे असं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लवू चौदा वर्षांचा असताना बापाने त्याला हे शिकवलं आणि त्याच दिवशी हेही शिकवलं, की डावी पाकळी अंगठ्याने जरा दाबून लावावी. "देवाक थोडी मदत करूची लागता," बाप म्हणाला होता. तेव्हापासून बेचाळीस वर्षं गावाला बहुतेक उजवेच कौल मिळत आले. लग्नं जमली, घरं उभी राहिली, दोन माणसं आखाती देशात जाऊन परतही आली. गाव सुखी होतं. फक्त लवूचा तेवढा देवावर विश्वास बसायचा राहून गेला. ज्याला आपण अंगठ्याने हलवतो त्याला हात जोडायचे तरी कसे, असा त्याचा सरळ हिशेब होता. हात तो रोज जोडत असे, ती गोष्ट वेगळी.

आता अंगठा देवाकडे होता.

साडेनऊला लवूचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले. दुखलं नाही. दहाला पांडू मेस्त्री आला. त्याने देवाला, म्हणजे पंचा घेतलेल्या देवाला, "लवूदादा" अशी हाक मारली आणि मूर्तीला, म्हणजे लवूला, साष्टांग नमस्कार घातला. एकदाही गोंधळला नाही. विहीर घराच्या पूर्वेला खणू काय, असा त्याचा प्रश्न होता. देवाने लवूच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या. लवूने नीट लक्ष दिलं. दोन्ही सारख्याच हाताने लावल्या होत्या, डावीवर जराही जोर नव्हता.

पूर्वेला सगळा कातळ आहे हे लवूला माहीत होतं. पांडूचे पैसे वाचावेत म्हणून त्याने डावा खांदा उडवायचा प्रयत्न केला. खांदा उडाला नाही आणि उजवी पाकळी पडली. पांडू आनंदाने गेला. पाच मिनिटांनी बाहेरून आरोळी आली, "पाणी लागला! पाणी लागला!"

"आयकलंस?" देवाने विचारलं.

"आयकलंय. एका विहिरीवरून काय सिद्ध होता?"

"मी हंय उभो आसंय तुझ्यासमोर. तरी तुझो विश्वास नाय?"

लवूने विचार केला. तोपर्यंत तो कमरेपर्यंत दगड झाला होता, त्यामुळे घाई नव्हती. "दिसतास म्हणून दिसतास म्हणतंय," तो म्हणाला. "समोरच्या माडावर मी काय विश्वास ठेवतंय? माड आसा, बस."

"ताय खरां," देव म्हणाला आणि पंच्याने मान पुसली. त्याला उकडत होतं.

पांडू गेल्यावर गाभारा हातभर अरुंद झाला. नंतर एक बाई मुलाच्या लग्नाचं विचारून गेली आणि तो आणखी हातभर आखडला. आलेल्या माणसांना त्याचं काही वाटलं नाही, ती अंग चोरून उभी राहत. एक मास्तर बदलीचं विचारायला आले. त्यांना डावी पडली. मास्तर चिडून, चपलांचा आवाज करत निघून गेले, आणि भिंती लवूच्या कोपरांना येऊन टेकल्या. अकरा वाजले होते. लवू छातीपर्यंत दगड झाला होता, आणि त्याला भीती वाटत होती. साधी, घाम फोडणारी भीती. घाम मात्र दगडामुळे येत नव्हता.

"देवा, एक काम कर," तो म्हणाला. "जयवंती येतली. तिच्या वेळेक डावी जरा दाबून लाव."

"कशी?"

"अंगठ्यान. एवढीशी. मी बेचाळीस वर्सां हेच केलंय."

"माका जमाचा नाय," देव म्हणाला. "माका उजवा-डावा कळणा नाय. तुमीच ठरवलास ता."

हे ऐकून लवूला रडू फुटलं असतं, पण तेवढ्यात दगड हनुवटीशी आला आणि त्याची वाचा बसली.

जयवंती सव्वाअकराला आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाकळ्यांचं पान. देवळाच्या तीन पायऱ्यांनीच तिला धाप लागली होती. गाभारा आता कपाटाएवढा उरला होता. देव दाराबाहेर सरकला, तेव्हा कुठे तिला आत शिरता आलं. त्याने बाहेरूनच हात लांब करून पाकळ्या लावल्या, सारख्या, अगदी सारख्या, आणि प्रश्न बोलून दाखवला. या लेकराने ऑपरेशनाक जावचा काय नाय, तुझो काय तो कौल दे.

लवूने उजव्या खांद्यावर सगळा जीव लावला. पाकळी हलली नाही. डावी हलली तर, या विचाराने त्याने डावीवरही जीव लावला, ती धरून ठेवण्यासाठी. मग त्याला कळेना, कुठली सोडतोय आणि कुठली धरतोय. एवढी वर्षं लोक समोर उभे राहून काय करत होते, ते त्याला तेव्हा समजलं. ते हेच करत होते. फक्त ते बाहेर होते.

पाच मिनिटं गेली. पाकळ्या तशाच. बाहेर रस्त्यावर एस.टी. येऊन थांबल्याचा आवाज आला. भिंती इतक्या जवळ आल्या होत्या, की जयवंतीचं कपाळ लवूच्या कपाळाला टेकलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं पाहिलेला चेहरा दगडाचा झाला म्हणून काय ओळखू येणार नाही?

"अवो," ती हळूच म्हणाली, "तुमी आसास व्हय."

दाराबाहेर देवाने उगाच खोकल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं.

"एवढो जीव काढू नकात," जयवंती म्हणाली. "आज कोणी डावी दाबूक नाय, म्हणून घाबारलास ना? तुमी डावी दाबून लावतास ता माका लग्नाच्या पयल्या वर्सापासून म्हायत आसा."

लवू दगड होता म्हणून बरं, नाहीतर तो तिथेच कोसळला असता. म्हायत आसा! मग एवढे उपास, एवढे नवस, दर सोमवारी भल्या पहाटेची ती आंघोळ, आणि सकाळपासूनचा तो हट्ट? बाईने बेचाळीस वर्षांच्या लबाडीचा पुरावा संसारभर पदरात बांधून ठेवला आणि वर त्याच देवासमोर दिवा लावला? त्याने यातलं काही विचारलं नाही, विचारू शकत नव्हता. पण त्याने न विचारलेल्या गोष्टींनाही उत्तर द्यायची तिची जुनी सवय होती.

"लबाडी तुमची," ती म्हणाली. "विश्वास माझो. तो मी ठेवलंय. तुमच्या अंगठ्याक विचारून नाय ठेवलंय."

दम घेऊन ती पुढे म्हणाली, "आणि सकाळी कौल लावा म्हटलंय, ता तुमी दाबून लावशात म्हणून. मी जगाक व्हयी, असा तुमी दाबून सांगतास काय, ता बघूचा होता माका. आता बघलंय."

तिने पिशवी उचलली. खांद्यांवरच्या पाकळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी जातंय," ती म्हणाली, "गाडी सुटात." अरुंद दारातून ती तिरकी होऊन बाहेर पडली. देवाने तिच्या हातातली पिशवी घेतली, पंचा सारखा केला आणि तिच्या मागोमाग पायऱ्या उतरला. तिला धाप लागली तेव्हा तो थांबला, ती चालू लागली तसा चालू लागला. कंडक्टर ओरडला, "लवूदादा, तिकिटां दोन?" "दोन," देव म्हणाला.

गाडी सुटली. तिचा आवाज उतारावर लहान होत गेला आणि वळणावर संपला.

लवूला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं त्याला चौदाव्या वर्षानंतर कधी वाटलं नव्हतं. ती गेली होती. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, पडलं म्हणून नव्हे, गेली होती. भिंती त्याला चारी बाजूंनी टेकल्या होत्या, दगड डोळ्यांच्या खालच्या पापणीपर्यंत आला होता, आणि त्याच्या पोटातून हसू वर चढत होतं. ते छातीशी आलं, गळ्याशी आलं. समईची ज्योत हलली. मग त्याचे खांदे, काळ्या पाषाणाचे, गदगदा हलू लागले, आणि दोन्ही पाकळ्या एकदमच सुटल्या.