हिरोशिमाला माणसं मिळेनात

इकडे हिंदी मुलखात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत अणुबॉम्बचा देखावा करायचं ठरवलं. अध्यक्ष यशवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, तेव्हापासून देशाचं संरक्षण त्यांच्याकडेच आहे. पहिलं बक्षीस दरवर्षी शेजारच्या मोहल्ल्याचं, बूढापाऱ्याचं मंडळ नेतं, हे त्यांचं मोठं दुःख. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रयोगशाळा, विमान, हिरोशिमा आणि शेवटी आपलं पोखरण, असा क्रम मी लावून दिला.

शास्त्रज्ञ व्हायला पोरांची झुंबड उडाली. वैमानिकाच्या टोपीवरून दोन आयांचं बोलणं बंद झालं. हिरोशिमात मात्र राहायला कोणी तयार होईना.

मुलाला विचारल्यावर शेजारच्या पद्मिनीताई तर भडकल्याच. "आमच्या पोट्ट्याले मेलेला दाखवता? तेही बाप्पापुढे? सणासुदीचं?"

"नाटकच आहे न ते," यशवंतराव म्हणाले.

"मंग तुमची नात बसवा."

आता अध्यक्षांना माघार घेता येईना. पुठ्ठ्याच्या घरात त्यांची पूर्णिमा बाहुलीला जेवू घालत बसली. तालमीत विमान तारेवरून घरंगळत आलं, लाल दिवा लागला, कापसाचा धूर वर चढला. यशवंतराव माइकवर खणखणीत वाचत होते, "एका क्षणात शहर नाहीसं झालं..."

पूर्णिमा आडवी झाली. सांगितल्याप्रमाणे हललीसुद्धा नाही.

"पूर्णिमा, ऊठ," ते माइकवरच म्हणाले. पडदा पडेपर्यंत उठायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. ती उठली नाही. म्हातारा माइक टाकून धावला आणि त्याने तिला उचलून छातीशी धरलं. ती वैतागून म्हणाली, "आजोबा, अभी नहीं उठना था."

मला वाटलं, चला, एका माणसाला तरी बॉम्ब कळला. कसलं काय. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "मंजिरी, ते शहर काढून टाक. उगाच अशुभ वाटून राहिलं."

मी खूप भांडले. शहर निघालंच.

देखावा झकास झाला. शास्त्रज्ञांनी बॉम्ब बनवला, वैमानिकाने टाकला, खाली कोणीच नव्हतं. परीक्षक खूश झाले आणि पहिलं बक्षीस आम्हाला जाहीर झालं. टाळ्यांच्या गजरात आजोबांच्या कडेवरून पूर्णिमाने विमानाखालच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, मैं तो यहीं रहती थी न?"

यशवंतरावांनी तिला पद्मिनीताईंकडे दिलं आणि ते बक्षीस घ्यायला स्टेजवर गेले.