राहिलेली फेरी

एकेचाळीस वर्षांपूर्वी मी दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. परवा क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं: फेऱ्या मोजण्यात चूक झाली, एक फेरी राहिली, हयात धावपटूंनी ती पूर्ण करावी, पहिला येईल त्यालाच पदक.

बायको म्हणाली, “अहो, जा. पण गुडघ्याला पट्टा बांधा.”

त्या शर्यतीत दुसरा आलेला गडी मैदानावर काठी टेकत हजर होता. “आज तुला सोडत नाही, लेका!”

“आधी गाठ तरी!”

रेषा दहा पावलांवर आली तेव्हा दोघंही मेटाकुटीला आलो होतो. तो म्हणाला, “पुन्हा हरलो तर सुनेला काय तोंड दाखवू?” मलाही घरी बायकोला तोंड दाखवायचं होतंच. आम्ही तिथेच बसलो. पंच शिट्टी फुंकून दमला आणि शेजारी टेकला. शर्यत अजून चालू आहे.